पालकांच्या नोंदवह्या आणि स्वमग्नतेची पथ्यं

लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञानं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पाहिलेल्या ११ मुलांवर १९४३ साली एक लेख लिहिला. स्वमग्नतेचा, म्हणजे ऑटिझमचा, वैद्यकीय इतिहास तिथून मोजायची रीत आहे. त्या लेखातली एक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. ११ पैकी ६ मुलांना अगदी तान्हेपणापासून खाण्याचा गंभीर त्रास होता. एका मुलीला तर वर्षाची होईपर्यंत नळीनं भरवावं लागलं होतं. कॅनरनं याचा अर्थ असा लावला, की बाहेरचं जग दूर ठेवू पाहणारं मूल अन्नही नाकारतं. मुलाचं पोट दुखतं का, त्याला गिळताना त्रास होतो का, एखाद्या पदार्थाचा स्पर्श त्याच्या जिभेला सोसत नाही का, हे साधे प्रश्न त्यामुळे पहिल्याच लेखात मागे पडले. ते पुढे आईबापांनी उचलले. स्वमग्न मुलांची पथ्यं, जीवनसत्त्वांचे भारी डोस, इंजेक्शनं, शरीरातले धातू 'धुऊन' काढण्याचे प्रयोग हा सगळा प्रकार भोळे पालक आणि लबाड विक्रेते यांची गोष्ट म्हणून सांगितला जातो. लबाड विक्रेते त्यात आहेतच. पण कागदपत्रं नीट पाहिली तर या पर्यायी उपचारांचं मूळ डॉक्टरांच्या एका मोठ्या चुकीत सापडतं. ती चूक खोडून काढताना पालकांच्या हाती एक हत्यार आलं, आणि ज्या कामासाठी ते बनलेलं नव्हतं त्या कामाला ते पुढे वापरलं गेलं.

चूक अशी. ही अवस्था जन्मजात असावी असं कॅनरनं म्हटलं होतं खरं, पण त्याच लेखात आईबापांच्या कोरडेपणावर शेरेही होते. १९४९ मध्ये तर ही मुलं जणू बर्फ न वितळणाऱ्या फ्रीजमध्ये ठेवलेली आहेत, अशा अर्थाची उपमा त्यानं दिली. पुढे 'रेफ्रिजरेटर मदर' हा शिक्का रूढ झाला तो या उपमेवरून. ब्रुनो बेटेलहाइमनं त्या शिक्क्याला सिद्धांताचा थाट दिला. हा दाखाउ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत आलेला व्हिएन्नाचा माणूस. त्याची डॉक्टरेट वैद्यकातली नव्हतीच. तरी शिकागो विद्यापीठाच्या ऑर्थोजेनिक स्कूलचा तो १९४४ ते १९७३ असा जवळजवळ तीस वर्षं संचालक होता. आपलं मूल नसतंच तर बरं, असं आईबापांना आतून वाटतं आणि ते ओळखून मूल स्वतःत मिटून जातं, अशी मांडणी त्यानं १९६७ च्या 'द एम्प्टी फोर्ट्रेस'मध्ये केली आणि या मुलांची तुलना छावणीतल्या कैद्यांशी केली. त्यावर इलाज एकच उरतो, मुलाला आईबापांपासून दूर ठेवणं. याला कोणत्याही चाचणीचा आधार नव्हता. विद्यापीठाचं नाव आणि ठाम भाषा एवढ्यावर हा सिद्धांत खपला आणि त्या काळच्या शिकलेल्या समाजानं तो मान खाली घालून स्वीकारला. आज एखादी आई डॉक्टरांपेक्षा दुसऱ्या आईच्या शब्दावर जास्त भरवसा ठेवते, तेव्हा तिला अडाणी म्हणण्याआधी हा काळ आठवायला हवा.

या सिद्धांताला पहिला मोठा धक्का दिला तो बर्नार्ड रिमलंडनं. तो सॅन डिएगोत अमेरिकी नौदलासाठी काम करणारा मानसशास्त्रज्ञ होता आणि एका स्वमग्न मुलाचा बापही. मिळेल ते संशोधन वाचून काढून त्यानं १९६४ मध्ये 'इन्फंटाइल ऑटिझम' हे पुस्तक लिहिलं. हा मेंदूच्या जडणघडणीचा प्रश्न आहे, आईच्या मायेचा नाही, हे त्यात मुद्देसूद मांडलेलं होतं. त्याची प्रस्तावना खुद्द कॅनरनं लिहिली, हा त्यातला गमतीचा भाग. पुस्तकाच्या शेवटी मुलाच्या वागण्याविषयी एक लांबलचक प्रश्नावली होती. ती डॉक्टरांपेक्षा पालकांनीच भरून धाडली. वाचनालयातल्या प्रतीवरून नक्कल करून, आपल्या मुलाच्या बारीकसारीक सवयींसकट. रिमलंडकडे कागदांचा ढीग साठू लागला. १९६५ मध्ये त्यानं इतर पालकांबरोबर स्वमग्न मुलांसाठीची राष्ट्रीय संघटना उभी केली, १९६७ मध्ये ऑटिझम रिसर्च इन्स्टिट्यूट काढली. १९६९ मध्ये कॅनरनं पालकांच्याच सभेत उभं राहून त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. १९७७ मध्ये सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ पैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडं स्वमग्न निघाली. साध्या जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकीतही तसं आढळलं नाही. त्यानंतर आईला दोष देणाऱ्यांना शास्त्रात जागा उरली नाही. पालकांच्या नोंदींनी तज्ज्ञाला हरवलं होतं, आणि ते योग्यच झालं होतं.

पुढचं वळण इथेच आहे. रिमलंडला येणाऱ्या पत्रांत काही पालक लिहू लागले, की अमुक जीवनसत्त्व दिल्यापासून मूल शांत झालं, नजरेला नजर देऊ लागलं. ज्या पालकांचं म्हणणं एकदा खरं ठरलं होतं त्यांचं हेही म्हणणं त्यानं मनावर घेतलं; त्याच्या जागी कुणीही घेतलं असतं. हवाही अनुकूल होती. दोन नोबेल मिळवलेला लायनस पॉलिंग १९६८ मध्ये 'सायन्स'मध्ये मनोविकारांवर जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांचा पुरस्कार करत होता. रिमलंडनं १९७८ मध्ये बी-६ वर एक अभ्यास छापला. त्यात १६ मुलं होती, आणि ती निवडली होती आधी बी-६चा गुण आला असं वाटलेल्यांतूनच. पुढच्या छोट्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत आणि कॉक्रेन या पुरावा-परीक्षण संस्थेच्या आढाव्यानं या उपचाराची शिफारस करण्याजोगं काही हाती नसल्याचा निष्कर्ष काढला. पण मुद्दा बी-६चा नाही, पद्धतीचा आहे. 'माझं मूल कसं आहे' याविषयी आईची नोंद हा उत्तम पुरावा असतो. चोवीस तास पाहणारं दुसरं कुणी नसतंच. 'माझं मूल कशामुळे बदललं' हा प्रश्न वेगळा. त्याला उत्तर द्यायचं तर तसंच दुसरं मूल लागतं, ज्याला ते औषध मिळालेलं नाही आणि मिळालेलं नाही हे ज्याच्या आईलाही ठाऊक नाही. पहिल्या प्रश्नावर कमावलेली पत रिमलंडच्या चळवळीनं दुसऱ्या प्रश्नावर खर्च केली. १९९५ मध्ये त्याच्या संस्थेतून 'डिफीट ऑटिझम नाऊ' ही डॉक्टरांची चळवळ निघाली, आणि पथ्यं, पूरक गोळ्या आणि धातू काढण्याचे उपचार एका छत्राखाली आले.

गहू-दूध बंद करण्याच्या पथ्याची वंशावळ याहून जुनी, आणि सुरुवातीला तरी चांगलीच प्रतिष्ठित आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा सीलिअॅक नावाच्या आतड्याच्या विकारानं आजारी असलेली मुलं उलट सुधारली आणि पाव परतला तशी पुन्हा आजारी पडली. विलेम डिकं या बालरोगतज्ज्ञानं १९५० पर्यंत गव्हाचा दोष सिद्ध केला. ते खरं शास्त्र होतं. त्यावरून एफ. कर्टिस डोहन या अमेरिकी डॉक्टरला वाटलं, मनाच्या आजारांमागेही गहू असेल. युद्धकाळात ज्या देशांत गहू कमी खाल्ला गेला तिथे स्किझोफ्रेनियाचे रुग्णही रुग्णालयात कमी दाखल झाले, असा ताळा त्यानं १९६६ मध्ये मांडला. १९७९ मध्ये जाक पँकसेप यानं स्वमग्नतेत मेंदूतल्या अफूसदृश रसायनांचा अतिरेक असावा असा तर्क केला. नॉर्वेच्या कार्ल राइशेल्टनं या दोन धाग्यांची गाठ मारली: गव्हातलं ग्लुटेन आणि दुधातलं केसीन अर्धवट पचतं, त्यातून अफूसारखे तुकडे तयार होतात, ते आतड्यातून झिरपून मेंदूत जातात आणि उरलेले लघवीत सापडतात. कल्पना देखणी होती. तपासता येण्याजोगीही होती, हा तिचा मोठेपणा. तपासणी व्हायला मात्र वेळ लागला आणि तोवर अँड्र्यू वेकफील्डनं १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मधल्या १२ मुलांवरच्या लेखात याच झिरपत्या आतड्याला गोवरच्या लशीशी जोडून दिलं. तो लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला आणि वेकफील्डची वैद्यकीय नोंदणीही गेली. त्या प्रकरणावर भरपूर लिहिलं गेलं आहे.

राइशेल्टच्या लघवीतल्या तुकड्यांचं काय झालं? २००८ मध्ये ब्रिटनमध्ये ६५ स्वमग्न मुलगे आणि १५८ इतर मुलं यांच्या लघवीची अधिक अचूक यंत्रांनी तपासणी झाली. अफूसदृश तुकडे सापडले नाहीत. पथ्याच्या चाचण्यांचंही तसंच. नॉर्वेत २० मुलांवर वर्षभर केलेल्या अभ्यासात फायदा दिसला होता, पण तिथे कोणाला पथ्य आहे हे घरच्यांना माहीत होतं, आणि पथ्याचं जेवण रांधणारी आईच प्रगतीची मोठी साक्षीदार होती. फ्लोरिडात २००६ मध्ये १५ मुलांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली. डबे बाहेरून तयार होऊन येत, आतलं अन्न पथ्याचं की नेहमीचं हे कुटुंबाला कळत नसे. आकड्यांत फरक निघाला नाही; काही पालकांनी मात्र सुधारणा झाल्याचं सांगितलं. रॉचेस्टरमध्ये आधी कडक पथ्यावर ठेवलेल्या १४ मुलांना गुपचूप गहू किंवा दूध घातलेला खाऊ दिला गेला आणि वागणं, झोप, शौच यांवर नजर ठेवली गेली. २०१६ मध्ये छापून आलेला निकाल तोच: फरक नाही. चाचण्या छोट्या आहेत, हा आक्षेप रास्त आहे. पण जे पथ्य मूल 'परत मिळवून देतं' असं सांगितलं जातं, त्याचा इतका मोठा परिणाम १४-१५ मुलांतही डोळ्यांत भरायला हवा होता.

या सगळ्या इतिहासात सिक्रेटिनचं प्रकरण सर्वांत बोलकं आहे. सिक्रेटिन हे १९०२ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी शोधलेलं आतड्यातलं संप्रेरक, विज्ञानाला माहीत झालेलं पहिलंच. स्वादुपिंडाचं काम तपासण्यासाठी त्याचा एक डोस शिरेतून देतात. १९९६ मध्ये अमेरिकेत मेरीलँडच्या एका रुग्णालयात जुलाबांनी हैराण झालेल्या एका स्वमग्न मुलाला या तपासणीसाठी तो दिला, आणि पुढच्या काही आठवड्यांत पोट सुधारलंच, शिवाय मूल बोलू लागलं. डॉक्टरांनी १९९८ मध्ये अशा तीन मुलांवर लेख लिहिला. ऑक्टोबरमध्ये एनबीसी वाहिनीच्या 'डेटलाइन' कार्यक्रमात ते झळकलं आणि काही आठवड्यांत डुकराच्या आतड्यातून काढलेल्या सिक्रेटिनचा साठा बाजारातून नाहीसा झाला. काळा बाजार सुरू झाला, हजारो मुलांना इंजेक्शनं टोचली गेली. तेव्हा एकाही मुलावर तुलनात्मक चाचणी झालेली नव्हती. ती लवकरच झाली. डिसेंबर १९९९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आला. ५६ मुलांपैकी निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना नुसतं सलाईन. कोणाला काय, हे पालकांनाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यांनाही. चार आठवड्यांत सिक्रेटिन मिळालेल्यांचा लक्षणांचा गुणांक सरासरी ८.९ नं उतरला. सलाईनवाल्यांचा १७.८ नं. दोन्ही गटांत मुलं 'सुधारली', आणि मिठाच्या पाण्यावरची उलट जास्तच. मग पालकांना निकाल सांगून विचारलं, अजून सिक्रेटिन हवंय का? ६९ टक्के म्हणाले, हो. कॉक्रेनच्या २०१२ च्या आढाव्यात ९०० हून अधिक मुलांवरच्या १६ चाचण्या आहेत. फायद्याचा पुरावा एकीतही टिकला नाही.

त्या ६९ टक्क्यांना हसणं सोपं आहे. पण त्यांनी डोळ्यांनी काही तरी पाहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. स्वमग्न मुलं वाढतात, शिकतात. कधी आठवडाभर शब्दांचा पूर येतो, कधी महिनाभर काही नाही. पालक नवा उपचार शोधतात तो बहुधा सगळ्यात वाईट दिवसांत, आणि वाईट दिवसांनंतर बरे दिवस येतातच. शिवाय उपचार सुरू झाला की घरातल्या सगळ्यांचं लक्ष मुलावर खिळतं, एरवी निसटणारे बारीक बदलही टिपले जातात. हे फक्त पथ्यांच्या आणि इंजेक्शनांच्या बाबतीत घडतं असं नाही. सिटॅलोप्रॅम हे औषध डॉक्टर स्वमग्न मुलांना सर्रास लिहून देत. २००९ मध्ये १४९ मुलांवर त्याची चाचणी झाली, तेव्हा औषधाच्या गटात ३२.९ टक्के आणि नकली गोळीच्या गटात ३४.२ टक्के मुलांत सुधारणा नोंदली गेली. आधुनिक वैद्यक नैसर्गिक उपचारांना पाण्यात पाहतं, या आक्षेपाला हे उत्तर आहे. चाळणी एकच होती आणि कंपनीचं औषधही तिच्यातून गळलं.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: बेटेलहाइमलाही एकेकाळी शास्त्र म्हणत होतेच, मग आजच्या शास्त्रावर का विसंबायचं? निको टिनबर्गन या प्राणिशास्त्रज्ञानं १९७३ च्या नोबेल व्याख्यानात स्वमग्नतेविषयी मतं मांडली आणि पुढे मुलाला जबरदस्तीनं कवटाळून धरण्याच्या उपचाराची भलामण केली, हेही या आक्षेपाच्या पारड्यात टाकायला हवं. पण बेटेलहाइम पडला कशानं? तो पडला जुळ्यांच्या मोजणीनं, म्हणजे तपासणीनं. पॉलिंग, टिनबर्गन, बेटेलहाइम या तिघांचा समान दोष हा, की नावाचं वजन पुराव्याच्या जागी ठेवलं गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं ल्युकोव्होरिन या जुन्या औषधाची स्वमग्नतेच्या संदर्भात गाजावाजा करत घोषणा केली, तेव्हाही हाती मोजक्या लहान चाचण्याच होत्या. व्यासपीठ कितीही उंच असलं तरी चाचणीचा आकार त्यानं वाढत नाही.

तिसरा प्रश्न घराघरात विचारला जातो: करून बघायला काय हरकत आहे? काही उपचारांत हरकत जिवाची आहे. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात धातू काढण्याच्या औषधानं पाच वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला; 'चमत्कारी द्रव' म्हणून पाजलं जाणारं रसायन हे वस्तुतः ब्लीच आहे, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २०१० मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये द्यावा लागला. पथ्याची हरकत सौम्य, पण खरी आहे. आधीच चार-पाचच पदार्थ खाणाऱ्या मुलाच्या ताटातून दोन काढले तर उरतं काय? अशा मुलांमध्ये स्कर्व्हीचे रुग्ण नोंदले गेले आहेत. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात स्वमग्न मुलांची हाडं वयाच्या मानानं पातळ आढळली, आणि दूध बंद असलेल्यांची अधिक. महाराष्ट्रात गहू सोडणं तसं अवघड नाही. ज्वारी, बाजरी, नाचणीच्या भाकऱ्या आणि भात आपल्याकडे आहेतच. अवघड आहे ते दूध, दही, ताक सोडणं, आणि शाकाहारी घरात कॅल्शियमचा मोठा भाग तिथूनच येतो. दुसऱ्या बाजूनं, बद्धकोष्ठ, पोटदुखी यांसारख्या तक्रारी स्वमग्न मुलांमध्ये इतरांपेक्षा जास्त असतात. कॅनरनं झटकलेली ही तक्रार गंभीरपणे घ्यायलाच हवी. पोट दुखणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलाचं पोट बरं केलं तर ते शांत होईल, आणि त्यासाठी कुठल्याही सिद्धांताची गरज नाही. सीलिअॅकची शंका असेल तर रक्ततपासणी गहू बंद करण्याआधी करायची असते. आधीच बंद केला तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

भारतात या इतिहासाचा नवा अध्याय पथ्याचा नाही, स्टेम सेलचा आहे, आणि त्यात मुंबईचा वाटा आहे. मुलाच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, तिच्यातल्या पेशी वेगळ्या करून मणक्यात टोचायच्या, असा हा उपचार. २०१३ मध्ये मुंबईतून ३२ रुग्णांवरचा अभ्यास छापला गेला, त्यात २९ जणांचे गुणांक सुधारले होते. तुलनेला दुसरा गट नव्हता. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात हाच प्रवास दोन पावलांत झाला: २०१७ मध्ये नाळेच्या रक्ताचा उपचार केलेल्या २५ मुलांत, तुलनेच्या गटाविना, सुधारणा दिसली, २०२० मध्ये १८० मुलांवर तुलनेसह चाचणी झाली, तेव्हा मुख्य निकषावर फरक उरला नाही. १९९९ च्या सिक्रेटिनचीच ही पुनरावृत्ती. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मान्य चाचणीबाहेर असा उपचार करणं अनैतिक ठरवलं आहे आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानंही २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी त्याची शिफारस करता येत नाही असं कळवलं. तेव्हा एखादं केंद्र यासाठी लाखांचं अंदाजपत्रक पुढे करत असेल, तर आधी एकच गोष्ट मागा: क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडियामधला चाचणीचा नोंदणी क्रमांक. तो संकेतस्थळावर कुणालाही फुकट तपासता येतो. आणि खरी चाचणी असेल तर तिच्यात भाग घेणाऱ्या मुलाच्या पालकांकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.